गुन्हेगारीशास्त्रातील विशेष विषयाची निवड

महाविद्यालयाचा अर्ज भरताना विद्यार्थी नाव, जन्मतारीख, मागील परीक्षेचे गुण हे सारे भराभर लिहून मोकळा होतो. आणि 'विशेष विषय' या दोन शब्दांपुढे मात्र त्याची लेखणी थबकते. गुन्हेगारीशास्त्र व न्याय या विषयाची पदवी घेणाऱ्याला हा रकाना अधिकच अवघड जातो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने नाटक सोडून कादंबरी निवडली, तर त्या निवडीचे बरेवाईट फळ त्याचे त्यालाच भोगावे लागते. येथे तसे नाही. येथे चुकीच्या निवडीची किंमत पुष्कळदा तिसराच कोणी माणूस मोजतो, आणि अर्ज भरला जातो त्या वेळी तो माणूस त्या खोलीत हजर नसतो.

बेळगावातील एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुलगी धारवाडला गुन्हेगारीशास्त्र शिकते आहे आणि सुटीला घरी आली आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर अर्जाची गोष्ट निघते. वडील म्हणतात, "अगं, प्रयोगशाळेचा विषय घे. सरकारी नोकरी, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात." मामा म्हणतो, "सायबर घे. पुढचा काळ त्याचाच आहे." आईची काळजी निराळी असते. "तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलावं लागणार नाही ना गं?" एवढेच ती विचारते. मुलगी कुणालाच उत्तर देत नाही, कारण तिच्यापाशी अजून उत्तर नसते. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु मूळ प्रश्न तिघांनीही विचारलेला नाही.

या शास्त्राचे शिक्षण आपल्या देशात तसे नवे नव्हे. सागर विद्यापीठात १९५९ साली गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग निघाला. तो देशातील पहिला. म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यार्थ्याला हे दार आपल्याच प्रांतात फार पूर्वी उघडलेले आहे. बेळगावकरांना धारवाड जवळ. दिल्लीत १९७२ साली केंद्र सरकारने याच विषयांची संस्था काढली. गांधीनगरला २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, त्याची शाखा गोव्यातही आहे. बडोद्याच्या विद्यार्थ्याला तर ते हाकेच्या अंतरावर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हाच विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवला गेला. दारे अनेक असली, तरी आतील विषय एकच आहे: गुन्हा का घडतो, तो कसा सिद्ध होतो, आणि त्यानंतर त्यात सापडलेल्या माणसांचे काय होते.

हा विषय किती बाजूंनी पाहता येतो, हे समजण्यासाठी एक साधे प्रकरण घ्यावे. समजा, शहापुरातील एका विधवा बाईचे शिवणकामाचे छोटे दुकान रात्री फोडले गेले. दोन शिवणयंत्रे आणि लग्नसराईसाठी गिऱ्हाइकांनी दिलेले कापड चोरीस गेले. चार दिवसांनी पोलिसांनी एकोणीस वर्षांच्या एका मुलाला पकडले. वर्तमानपत्रात याची बातमी फार तर चार ओळींची येईल. परंतु गुन्हेगारीशास्त्राच्या प्रत्येक शाखेला या चार ओळींत स्वतःचे काम दिसते.

पहिली शाखा न्यायसहायक विज्ञानाची. दुकानाच्या कडीवर बोटांचे ठसे आहेत, फळीच्या खिळ्याला रक्ताचा थेंब लागला आहे. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यास १८९७ साली सुरू झाली, आणि त्या ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. आज हे काम कितीतरी पुढे गेले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे ठरवून दिले, आणि त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत ठेवली. तेव्हा या शाखेला मागणी आहे, हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हे.

मात्र 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' हे म्हणणे खरे नव्हे. ठसा अर्धवट उमटला असेल, रक्ताचा नमुना उन्हात खराब झाला असेल, मुद्देमालाची मोहोर वाटेत कोठे तुटली असेल. अशा वेळी 'यावरून निष्कर्ष काढता येत नाही' असे लिहिण्याचे धैर्य तज्ज्ञापाशी लागते. तपास करणारा अधिकारी होकाराची वाट पाहत असतो, आणि न्यायालय प्रयोगशाळेच्या कागदावर विश्वास ठेवते. तज्ज्ञाने आरोपीचे तोंडही पाहिलेले नसते; तरी त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे पुढील आयुष्य त्या कागदाच्या एका ओळीवर टांगलेले असते. ज्याला एकांतातील काटेकोर काम आवडते आणि कुणाला खूश करण्याची सवय नाही, त्याने ही शाखा घ्यावी. येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगणे जरूर आहे. प्रयोगशाळेतील जागांसाठी रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्र यांतील पदवी मागतात. कला शाखेतून गुन्हेगारीशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला हे पदवी हाती आल्यावर कळले, तर त्या कळण्याचा काही उपयोग नसतो.

मामांनी सुचवलेली सायबर गुन्ह्यांची शाखा हीही याच घराण्यातील. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली झाला. आज फसवणुकीची तक्रार करण्यासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक देशभर आहे. पोलिसांखेरीज बँका आणि विमा कंपन्याही या विषयाचे जाणकार शोधतात. परंतु येथेही यंत्रापलीकडे माणूस आहेच. निवृत्तीच्या पैशांना मुकलेला वृद्ध लाजेने मुलांनाही काही सांगत नाही. त्याच्याकडून हकीकत काढून घेणे, हे संगणकाला येत नाही.

दुसरी शाखा तपासाची व फौजदारी कायद्याची. पंचनामा कसा झाला, पंच खरोखर हजर होते काय, अटकेची खबर घरी दिली काय, जबाब कोणत्या भाषेत घेतला, हे सारे या शाखेत येते. सीमाभागातील किंवा हैदराबाद-इंदूरकडील मराठी माणसाला यातील भाषेच्या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. मुलाने मराठीत सांगितले आणि कागदावर दुसऱ्या भाषेत उतरले, तर मधल्या वाटेत काय सांडले, हे पाहणारा कोणी हवा. या शाखेची आवड अनेकांना असते. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पोलीस खात्यातील अधिकाऱ्याची जागा स्पर्धापरीक्षेने मिळते आणि वकिली करण्यास कायद्याची पदवी लागते. गुन्हेगारीशास्त्राची पदवी या दोन्ही वाटांवर शिदोरी होऊ शकते, परवाना होऊ शकत नाही.

तिसरी शाखा कारागृहाची व सुधारणेची. आईला जिची धास्ती वाटते ती हीच, आणि विद्यार्थी जिच्याकडे सर्वांत कमी वळतात तीही बहुधा हीच. दुकानफोडीतील तो मुलगा पकडला गेला, म्हणजे तो दोषी ठरला असे नव्हे. तो कच्चा कैदी झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार जणांत तिघांचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता.

एवढी माणसे आत का राहतात, याचे उत्तर १९७८ सालच्या एका प्रकरणात सापडते. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या न्यायाधिकाऱ्याने त्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ पुढे आला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला गेला. अखेर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडावयास लावले. कायद्याने दार उघडले होते. उंबरठा मात्र गरिबाला ओलांडता येत नव्हता. आता नव्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृहाच्या अधीक्षकावर आहे. परंतु कोणाचे किती दिवस भरले, हे वेळेवर मोजणारा माणूस नसेल, तर ती तरतूद पुस्तकातच राहते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली सुरू केलेल्या 'प्रयास' या प्रकल्पातील कार्यकर्ते तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत जाऊन याच जातीचे काम करीत आले आहेत.

शिक्षा ठरण्यापूर्वीही या शाखेचे काम आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराच्या बाबतीत न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवते. मुलाचे घर कसे आहे, शाळा का सुटली, संगत कोणती, काम मिळण्याजोगे आहे काय, हे त्या अहवालात येते. अहवाल मनापासून तयार झाला, तर न्यायाधीशापुढे एक माणूस उभा राहतो. उरकून टाकला, तर केवळ एक क्रमांक.

मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी पत्रकार शीला बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले होते. त्यावर न्यायालयाने चौकशीसाठी कोणाला पाठवावे? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना. त्यांनी तुरुंगात जाऊन बंदिवान स्त्रियांच्या भेटी घेतल्या आणि अहवाल दिला. १९८३ च्या निकालात स्त्रियांच्या कोठड्यांवर स्त्री पोलिसांचा पहारा असावा आणि अटकेची खबर कायदा साहाय्य समितीस तत्काळ द्यावी, असे आदेश आले. शिक्षकी पेशातील एका बाईंनी कैद्यांजवळ बसून ऐकून घेतले, आणि त्या ऐकण्याचा कायदा झाला.

मराठी माणसाला तर या शाखेचा वारसाच आहे. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे भिंतींवाचून कैदी राहू लागले आणि जमीन कसू लागले. त्याच तालुक्याच्या मातीतील ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली, आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. बोलपट सर्वांनी पाहिला. त्यामागील वसाहतीचा अभ्यास करावा, असे वाटणारे विद्यार्थी थोडेच निघाले.

चौथी शाखा बालन्यायाची. तोच मुलगा एकोणीसऐवजी सतरा वर्षांचा असता, तर सारी वाट बदलली असती. २०१५ च्या कायद्याप्रमाणे तो बाल न्याय मंडळापुढे गेला असता, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत त्याच्या परिस्थितीचा अहवाल द्यावा लागला असता. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाकडून अतिशय गंभीर गुन्हा घडला असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण किती होती, हे मंडळ तपासते. त्यासाठी मानसशास्त्राच्या व समाजकार्याच्या जाणकारांची मदत घेता येते. त्या मतावर त्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालणार की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते. मुले आवडतात एवढ्याच कारणासाठी ही शाखा घेणाऱ्याने थांबून विचार करावा. येथे येणारी मुले गोड बोलत नाहीत. ती खोटे बोलतात, गप्प बसतात, एकदा विश्वास टाकून दुसऱ्या दिवशी पळून जातात. तिसऱ्या दिवशीही त्यांच्याशी त्याच स्वरात बोलू शकणारा मनुष्य येथे हवा.

पाचवी शाखा पीडितांची. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा विचार आतापर्यंत कोणी केला? खटल्यात त्या केवळ साक्षीदार. हान्स फॉन हेंटिग या जर्मन विद्वानाने १९४८ साली गुन्हेगार व त्याचा बळी यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा अभ्यास नावारूपास आला. प्रारंभी त्याचा रोख बळी पडणाऱ्याचा दोष किती, असाही होता. पुढे तो बदलला आणि त्याला काय मिळाले पाहिजे हा प्रश्न पुढे आला. भारतात २००९ च्या अखेरीस पीडितांच्या भरपाईची योजना फौजदारी कायद्यात आली. महाराष्ट्रात अत्याचार व आम्लहल्ला यांना बळी पडलेल्यांसाठी २०१३ साली 'मनोधैर्य' योजना निघाली. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवावे, असे नवी संहिता सांगते. बाईंची यंत्रे मुद्देमाल म्हणून ठाण्यात धूळ खात पडली, तर चोराने एकदा नेलेला त्यांचा रोजगार व्यवस्थेने दुसऱ्यांदा नेला, असेच म्हणावे लागेल. ही गोष्ट ज्याला रात्री झोपू देत नाही, त्याचे स्थान या शाखेत आहे.

शाखा कोणतीही असो, एक इतिहास सर्वांनी शिकला पाहिजे. इटलीतील लोम्ब्रोझो याने १८७६ साली जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. त्याच्याही पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून संपूर्ण जातीच्या जातीच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे त्यांच्यासाठी वसाहती झाल्या. हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, आणि हे लोक विमुक्त म्हणवले जाऊ लागले. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा मराठी वाचकाला ती हकीकत आतून कळली. हा अन्याय अडाण्यांनी केला नव्हता. तो शिकलेल्या अधिकाऱ्यांनी, नोंदी ठेवून, शास्त्राच्या भाषेत केला होता. दुकानफोडीतील मुलाचे आडनाव वाचताच ज्याच्या मनात निकाल तयार होतो, त्याने कोणताही विशेष विषय घेतला तरी तो या शास्त्राचा विद्यार्थी झालेला नाही.

मग निवड कशी करावी? पगार आणि जागा यांची चौकशी अवश्य करावी. घराला आधार देणे हेही कर्तव्यच आहे. ज्या जागेवर डोळा आहे तिची जाहिरात मिळवून तीत कोणती पदवी मागितली आहे, हे रकाना भरण्यापूर्वी वाचावे. फौजदारी न्यायालयाचे कामकाज बहुधा सर्वांना खुले असते. तेथे मागच्या बाकावर दोन-चार दिवस बसावे. त्या वेळी आपले लक्ष वारंवार कोठे जाते, हे विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे. कुणाचे लक्ष टेबलावरील मोहोरबंद पुडक्याकडे जाते, कुणाचे उलटतपासणीकडे, कुणाचे बेडी घातलेल्या हाताकडे, तर कुणाचे कोपऱ्यात पदर सावरून बसलेल्या फिर्यादी बाईकडे. जेथे लक्ष आपोआप जाते आणि कंटाळा आला तरी तेथून हलत नाही, तेथे आपला विषय असतो. मूळ प्रश्न हाच आहे: पुढील तीस वर्षे कोणाच्या समोर बसून काम करण्याची आपली तयारी आहे?

दुसरी गोष्ट अशी की, एक शाखा निवडली म्हणजे इतर शाखांकडे पाठ फिरवावयाची नसते. प्रयोगशाळेतील माणसाने कच्च्या कैद्याचे दिवस कसे जातात हे जाणले, तर तो अहवाल दडपून न ठेवता वेळेवर पाठवील. कैद्यांमध्ये काम करणाऱ्याने एकदा त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या रिकाम्या दुकानात जाऊन यावे. म्हणजे त्याची करुणा एकांगी होणार नाही.

बेळगावच्या त्या घरात आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले आहे. मुलीने ते आईला खरे खरे सांगावे. होय, तुरुंगात जावे लागेल. विषय प्रयोगशाळेचा घेतला, सायबरचा घेतला किंवा कायद्याचा घेतला, तरी शिक्षण संपण्यापूर्वी एकदा तरी परवानगी काढून कारागृहात जावे, आणि ज्याचा निकाल अजून लागलेला नाही अशा माणसाशी बोलून यावे. त्यानंतर तो रकाना भरावा. तोपर्यंत अर्ज टेबलाच्या खणात राहिला, तरी चालेल. शेवटची तारीख तेवढी चुकवू नये.